आतली कडी

४ सप्टेंबर

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, ठकीला एक गालगुच्चा. पत्र आणणाऱ्या, मीठ विकणाऱ्या मावशींना आधी पाणी दे आणि मग वाचायला बस. नाहीतर तू दारातच उभा राहून वाचत बसशील आणि त्या बिचाऱ्या गोणी घेऊन ताटकळत राहतील.

बातमी अशी की आमच्या धाकट्या बाईसाहेबांचं लग्न ठरलं, तेही तुमच्याच युवराजांशी. आणि सोबत मी येणार आहे. सासरी एकच बाई नेता येते म्हणे. बाईसाहेबांनी आईचं नाव घेतलं नाही, दाईचं घेतलं नाही, माझं घेतलं. म्हणाल्या, "केस तर रोज विंचरावे लागणार." आता नदीच्या पलीकडे, तुझ्याच गावात, तुझ्या डोक्यावर मिरे वाटायला येतेय. तयारीत राहा.

युवराज गेल्या आठवड्यात मुलगी बघायला आले होते. दिसायला बरे आहेत, पण चेहरा असा पांढरा की कधी ऊन लागलंय की नाही कोण जाणे. आणि बोलायचं काम सगळं त्यांच्या काकासाहेबांकडे. जेवण आवडलं का, काकासाहेब म्हणतात आवडलं. प्रवास कसा झाला, काकासाहेब म्हणतात छान झाला. मला वाटलं, लग्नही काकासाहेबच करतात की काय.

मग बागेत एक गंमत झाली. मी सरबताचं तबक घेऊन मागे होते. काकासाहेबांना खोकल्याची उबळ आली, ते जरा बाजूला वळले, आणि युवराजांनी बाईसाहेबांना पटकन विचारलं, "तुमच्या खोलीचं दार आतून लागतं का?" माझ्या हातून तबकच पडायचं. लग्नाआधी कोणी असं विचारतं? सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकासाहेब तर सगळ्यांत मोठ्याने हसले, "पोरगं वयात आलंय" म्हणाले. बाईसाहेब लाल झाल्या, पण उत्तर सरळ दिलं. "लागतं. कडी आहे." त्यांनी विचारलं, "कशी आहे?" "लोखंडी. सरकवायची." तेव्हा तो माणूस पहिल्यांदा हसला. "छान," एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून आमच्या बाईसाहेब हरवल्यासारख्या बसतात. भांग वाकडा पाडला तरी कळत नाही. प्रेमात पडायला माणसाला किती कमी पुरतं बघ.

तुझी,
चिमी


१९ सप्टेंबर

चिमे,

मावशींना पाणी दिलं, बसायला पाट दिला. आता माझं ऐक, आणि हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

तू येऊ नकोस.

कारण सांगतो. महिनाभर मी राजवाड्यातच काम करतोय. वरच्या मजल्यावर टोकाला एक दालन आहे, नव्या जोडप्यासाठी. आत झोपायची खोली, बाहेर तुझ्यासारखीसाठी एक छोटी खोली, आणि दोन्हींना मिळून एकच दार. त्या दाराला नवं कुलूप करायचं काम मला मिळालं. मी खूष होतो. राजाच्या लग्नाचं कुलूप करायला कोणाला मिळतं? तुझ्या वहिनीने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं.

मग काकासाहेबांनी स्वतः येऊन सांगितलं कुलूप कसं हवं ते. किल्ली फक्त बाहेरून लागली पाहिजे. आतल्या बाजूला किल्लीचं भोक नको, कडी नको, मूठ नको. दार ओढलं की खटका आपोआप बसला पाहिजे. किल्ली एकच करायची आणि ती त्यांच्या गळ्यात राहणार. मी म्हटलं, "साहेब, आत माणसं असणार, आग लागली, काही झालं तर?"  मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुला मुलगी आहे ना?" चिमे, मी मुकाट्याने दाराचं माप घ्यायला लागलो. 

दुसऱ्या दिवशी जुनं कुलूप काढलं. तेही तसंच, फक्त बाहेरून लागणारं. आणि दाराच्या आतल्या बाजूला, लाकडावर, ओरखडे. नखांचे, काट्याचमच्याचे, कशाकशाचे. कोणीतरी आतून कुलपापर्यंत पोचायला लाकूड कोरलंय. सगळ्यांत खालचे ओरखडे कमरेच्याही खाली आहेत. म्हणजे ती बाई गुडघ्यांवर बसून कोरत असणार, उभं राहायचीही ताकद उरली नसणार. मी अंदाज बांधला तो असा, की तुमच्या त्या गोऱ्या युवराजाचं आधी एक लग्न झालेलं आहे आणि त्याचा गावात कोणी उच्चार करत नाही. आणि तो विचारतो दार आतून लागतं का. तुम्ही बायका हसलात. मी ते वाचून तसाच उठून हे लिहायला बसलो.

तुला ताप आलाय असं सांग. गोवर सांग, काहीही सांग. गोवर म्हटलं की राजवाड्यात कोणी जवळ उभं करत नाही. आईबाप गेल्यावर तुला मी कडेवर घेऊन वाढवलंय, ते या दाराच्या आत पाठवायला नाही.

तुझा,
दादा


१ ऑक्टोबर

दादा,

पत्र जाळलं. तुझा इतका मोठा मजकूर मी आयुष्यात पाहिला नव्हता. वाचल्यावर दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

गोवर सांगायचं ठरवलंही होतं. आरशासमोर बसून गालाला कुंकवाचे ठिपके लावून पाहिले. मग बाईसाहेबांचे केस विंचरायला गेले आणि मला रडूच फुटलं. तू रागावशील, पण मी त्यांना सगळं सांगितलं. एकटीने पळून जायचं आणि त्यांना त्या दारात सोडायचं, हे मला जमलं नाही.

त्या घाबरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मला शेजारी बसवलं. मग विचारलं, "सगळ्यांत खालचे ओरखडे किती उंचीवर आहेत म्हणालीस?" मी म्हटलं, कमरेच्या खाली, बाई गुडघ्यांवर बसून कोरत असणार असं दादा म्हणतो. तर म्हणाल्या, "गुडघ्यांवर नाही गं. उभाच असेल. लहान असेल."

दादा, मी तुला काय सांगू. त्यांनी मला युवराजांची पत्रं दाखवली. तीही काकासाहेबांच्या नजरेखालून येतात, त्यामुळे त्यात काही नसतं. खिडकीतून काय दिसतं, एवढंच असतं. आज झाडावर किती कावळे होते, धुणाऱ्या बायकांनी अंगणात काय वाळत घातलं. दर वेळी तेच झाड आणि तेच अंगण. आम्ही हसायचो, हा माणूस कधी दुसऱ्या खिडकीत जात नाही का. त्याचे वडील गेले तेव्हा तो किती लहान होता हे तुला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आपल्या घरातली चौकट आठव. वहिनी दर वाढदिवसाला ठकीला उभं करून कोळशाने रेघ मारते. तू पुन्हा त्या दाराकडे जा आणि ते ओरखडे खालून वर बघ. तुझं लक्ष कुलपाकडे असतं, म्हणून म्हणते.

बाईसाहेबांनी वडिलांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, लग्नाआधी सगळ्याच मुली काहीबाही बोलतात, मी शब्द दिलाय. मग मीच म्हटलं, आपण दोघी पळून जाऊ. त्यावर त्या म्हणाल्या, "मी गेले नाही तर तो आतच राहील." एवढं बोलून आरशाकडे तोंड करून बसल्या. मला कळलं की आता या माघार घेणार नाहीत. आणि त्या गेल्या तर मीही जाणार. मला भीती वाटते, दादा. खूप वाटते. पण गोवर येणार नाही.

चिमी


१० ऑक्टोबर

चिमे,

तू लहानपणापासून हट्टी. बाजारात लोळण घ्यायचीस. आता राजवाड्यात घेतेयस.

गेलो होतो त्या दारापाशी. फरशीवर बसून खालून वर बघितलं. खालचे ओरखडे ठकीच्या हनुवटीला लागतील एवढ्यावर आहेत. त्यावर आणखी, त्याहून वर आणखी. वर जावेत तसे खोल होत गेलेत. माझ्या खांद्याच्या उंचीवर आले आणि तिथे थांबलेत. पोर वाढलं आणि मग त्याने कोरायचं सोडून दिलं. महिनाभर मी त्या दारासमोर उभा होतो आणि मला एक मेलेली बाई दिसत होती. बाहेर पहारेकरी होता म्हणून नाहीतर मी मोठ्याने रडलो असतो.

गावात विचारपूस केली, जपून. युवराज मनाने अधू आहेत असं सगळ्यांना सांगितलंय, म्हणून कारभार काकासाहेबांकडे. सणासमारंभाला झगझगीत कपडे घालून सज्जात उभं करतात, लांबून. जवळून कोणी पाहिलेलं नाही. दरबाराने यंदा हट्ट धरला की लग्न लावा आणि राज्य त्यांच्या हाती द्या. म्हणजे लग्न झालं की दोघांनाही अधू ठरवायचं, असा काकासाहेबांचा हिशेब आहे. तुझ्या बाईसाहेबांच्या वडिलांचं सैन्यही पाठीशी येतं ते वेगळंच.

आता नीट वाच. तू येणारच आहेस, तर मला गप्प बसता येणार नाही.

कुलूप मी लाकडाच्या पोटात बसवतोय. आतल्या बाजूने वर एक गुळगुळीत लोखंडी पत्रा येणार. त्या पत्र्याच्या चार कोपऱ्यांवर मी चार पितळी फुलं लावलीत, शोभेची. काकासाहेबांना आवडली. ती फुलं हाताने फिरवली की निघतात, आणि प्रत्येकाच्या खाली एक स्क्रू आहे. चारही स्क्रू काढले की पत्रा निघतो आणि कुलूप उघडं पडतं. आतली जाड पट्टी डावीकडे रेटली की दार उघडतं.

स्क्रू काढायला काहीतरी हवं. नदीवर तुमची झडती होणार. माहेरची सुईसुद्धा पुढे नेऊ देत नाहीत असं ऐकलंय. पण नवरीचे केस पलीकडे पुन्हा बांधायचे असतात, म्हणून फण्या राहू देतात. पत्राबरोबर एक फणी पाठवतोय. तिची शेपूट पोलादाची आहे, वरून लाकडाचा रंग दिलाय, टोक चपटं केलंय. त्या शेपटीने भांग पाड, कोणाला शंका येणार नाही.

एक गोष्ट मात्र शपथ घालून सांगतो. मी, तुझी वहिनी आणि ठकी नदीपलीकडे पोचलो असं पत्र येईपर्यंत त्या फुलांना हात लावायचा नाही. दार उघडलेलं दिसलं की पहिल्यांदा मला पकडतील.

दादा


२२ ऑक्टोबर

दादा,

फणी मिळाली. इतक्या वर्षांत तू मला दिलेली ही पहिली भेट, आणि तीही दार फोडायला. वहिनीला सांग, मी नोंद करून ठेवलीय.

बाईसाहेब आणि मी कपाटाच्या बिजागरीवर सराव करतोय. पहिल्या दिवशी मी स्क्रू उलटा फिरवून आणखी घट्ट केला. बाईसाहेब माझ्यापेक्षा बऱ्या आहेत. डोळे मिटून करतात, अंधार असला तर म्हणून. परवा दाई अचानक आत आली, तेव्हा कपाटाचं दार बाईसाहेबांच्या मांडीवर होतं. म्हणाल्या, झुरळ शोधतेय. दाईने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं की मुलगी लग्नाच्या धसक्याने भ्रमिष्ट तर झाली नाही ना.

हसून घेतो झालं.  बाईसाहेब काल म्हणाल्या, "चिमे, तो मला ओळखेल ना? का मलाही घाबरेल?" मी म्हटलं, ज्याने कडी कशी आहे विचारलं तो तुम्हाला घाबरणार नाही. पण मला काय ठाऊक? आम्ही कोणीच त्या माणसाला ओळखत नाही. त्याच्यासाठी स्वतःला कोंडून घ्यायला निघालोय.

तुमची गाडी कधी निघणार ते कळव. तोवर माझा जीव टांगणीला आहे.

चिमी


४ नोव्हेंबर

चिमे,

कुलूप बसवून झालं. पण त्याआधी जे झालं ते सांगतो, कारण सांगितलं नाही तर माझं डोकं फुटेल.

काकासाहेबांनी दरबारातल्या मोठमोठ्या लोकांना बोलावलं. दालन किती सुरक्षित आहे ते दाखवायचं होतं. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तूच आत जा. तुझ्याइतकं हे कुलूप कोणाला ठाऊक नाही. तुला आतून उघडता आलं नाही, तर कोणालाच येणार नाही." माझी हत्यारं काढून घेतली, खिसे उलटे केले. मला आत ढकललं, दार ओढलं. खटका बसला. माझाच खटका, चिमे. असा छान आवाज येतो त्याचा.

सकाळी गेलो होतो, ऊन कलेपर्यंत आत होतो. माझ्या कमरेच्या पट्ट्याला लोखंडी आकडा आहे, तो कोणी काढला नव्हता. त्या आकड्याने मी चारही स्क्रू केव्हाच काढले असते. तिथे बसून मला दुसरं काही सुचत नव्हतं. हवा कमी पडतेय असं वाटायचं. हे मला विसरून गेले तर? मुद्दामच उघडलं नाही तर? दोनदा उठून फुलापाशी गेलो. एकदा तर एक फूल फिरवलंही, आणि मग घाईघाईने परत बसवलं. शेवटी हातांवर बसून राहिलो, लहान मुलांना शिक्षा करतात तसा. समोर ते ओरखडे होते. मी एवढा बाप्या माणूस, आणि मला एक दिवस काढवत नव्हता.

दार उघडलं तेव्हा मी घामाने निथळत होतो. सगळे खूष. "कुलूप करणाऱ्यालाही उघडत नाही," असं काकासाहेब प्रत्येकाला सांगत होते. मागे युवराज उभे होते, झगझगीत कपड्यांत. माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पाणी हवंय का? पहिल्या दिवशी फार तहान लागते." दुसऱ्या कोणाला ते ऐकू गेलं नाही. तुझ्या बाईसाहेबांना सांग, त्या चुकलेल्या नाहीत.

आता मुद्द्याचं. आम्ही उद्या पहाटे निघतोय. हे पत्र तुला राजवाड्यात मिळेल तोवर आम्ही तिघंही नदीपलीकडे, मावशींच्या मिठाच्या वखारीत असू. तेव्हा माझी काळजी करू नकोस. संधी मिळाली की उघडा आणि निघा.

दादा


१३ नोव्हेंबर

वन्सं,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, अक्षराला हसू नका. लग्न झालं ते कळलं. मावशी राजवाड्याच्या स्वयंपाकघरात मीठ टाकायला जातात, त्यांच्या गोणीतून आणि मग तुमच्या जेवणाच्या ताटाखालून हे येईल.

तुमचे दादा खोटं बोलले. वखारीत मी आणि ठकी आहोत. तुम्हाला ते पत्र लिहिलं त्याच्या आदल्याच दिवशी त्यांना नाक्यावरून परत पाठवलं होतं. कुलूप करणाऱ्याने गाव सोडायचा नाही असा हुकूम आहे. तुम्हाला कळवायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, कारण कळलं तर तुम्ही दार उघडणार नाही आणि तिथेच सडाल. मी वचन मोडतेय. मला तुम्हीही हव्यात आणि तेही हवेत. काय करायचं ते मला सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर बघा.

वहिनी


२७ नोव्हेंबर

चिमे,

तू कुठे आहेस मला माहीत नाही. हे पत्र मावशींच्या हातात देतोय, त्या पोचवतील तिथे पोचवतील.

परवा सकाळी शिपाई दाराशी आले तेव्हा मी कानस घासत बसलो होतो. मला ठाऊक होतं की ते येणार. तुम्ही निघालात एवढंच मनात आलं आणि बरं वाटलं. पण चपला घालता येईनात. वाटेत एक शिपाई म्हणाला, "युवराज, राणीसाहेब आणि ती केस बांधणारी, तिघंही गायब." मी मनात म्हटलं, आता हात तोडतात की मान, एवढंच बघायचं.

मला वर नेलं. अख्खा दरबार त्या दारासमोर जमला होता. मी डोळे वर करेना, निघालेला पत्रा आणि उघडं कुलूप बघवलं नसतं. मग कोणीतरी म्हणालं, "वर बघ." वर बघितलं तर कुलूप जागच्या जागी. पत्रा जागच्या जागी. चारही फुलं चकचकीत. शिपाई सांगत होता की सकाळी दिवसातून एकदाच द्यायचं जेवण घेऊन गेले, तेव्हा दार बंदच होतं, काकासाहेबांनी गळ्यातल्या किल्लीने उघडलं आणि आत कोणी नव्हतं.

दरबारातल्या म्हाताऱ्या मंत्र्यांनी मला विचारलं, "हे आतून उघडता येतं का?"  मी एवढंच म्हणालो, "साहेब, तुमच्या सगळ्यांसमोर मला आत कोंडलं होतं."  मग मंत्री हळूहळू काकासाहेबांकडे वळले. म्हणाले, "दार बंद होतं. किल्ली एकच आहे आणि ती तुमच्या गळ्यात आहे. आमचा राजा कुठे आहे?"

काकासाहेब ओरडत राहिले. मला फितूर म्हणाले, पहारेकऱ्याला म्हणाले. पण ती परीक्षा त्यांनीच घेतली होती, आणि साक्षीला बसलेले सगळे समोर उभे होते. राजाचं काय केलं ते सांगेपर्यंत त्यांना कोंडून ठेवायचं ठरलं. कुठे, तर त्याच खोलीत. गावात त्याहून पक्कं कुलूप नाही, असं मंत्री म्हणाले. किल्ली आता मंत्र्यांकडे आहे.

वरचं डावीकडचं फूल तू उलटं बसवलंयस. पाकळ्या खाली आल्यात. मला सोडून कोणाला दिसलं नाही, पण मला आता झोप लागत नाही. काकासाहेब आत बसून दिवसभर त्या दाराकडे बघत असतील. मला सारखं वाटतं, त्यांच्या लक्षात येईल, ते फिरवून बघतील. तुम्ही निघून जायचं सोडून पत्रा परत बसवत थांबलात, हे कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं नव्हतं. मी तर आम्ही पलीकडे पोचलेले असू असं लिहिलं होतं.

जिथे असशील तिथून एक ओळ लिही.

दादा


३ डिसेंबर

दादा,

तू पोचलेले असू असं लिहिलंस, आणि वहिनीने पोचला नाही असं लिहिलं. मी वहिनीवर विश्वास ठेवला. तू खोटं बोलतोस तेव्हा "मुद्द्याचं" असं लिहितोस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

आम्ही तिघंही वखारीतच आहोत, मिठाच्या गोणींच्या मागच्या खोलीत. वहिनी आणि ठकी पुढच्या खोलीत. सगळं ठीक आहे. आता पहिल्यापासून सांगते.

दुपारची जेवणं आटोपली की राजवाडा पेंगतो, दारावरचा पहारेकरीही खाली जाऊन आडवा होतो, ते आम्ही हेरून ठेवलं होतं. बाईसाहेबांनी स्क्रू काढले, मी पत्रा धरला, युवराजांनी पट्टी रेटली. दार उघडलं. मी त्यांचे केस आधीच कापले होते आणि धोब्याच्या गड्यासारखे कपडे घातले होते. झगझगीत कपड्यांशिवाय त्यांना कोणी पाहिलेलंच नाही, त्यामुळे ओळखणार कोण? चादरींची गाठोडी डोक्यावर घेऊन जायचं ठरलं होतं.

आणि तेव्हा ते उंबऱ्याशी थांबले. पाय उचलेना. खाली कोणीतरी हसत होतं, केव्हाही कोणी वर आलं असतं, आणि हा माणूस उघड्या दारात घामाने भिजून उभा. बाईसाहेब बाहेर गेल्या, गाठोडं खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले.  त्या उलट्या पावलांनी मागे जात होत्या आणि ते त्यांचे हात धरून पुढे येत होते, मूल चालायला शिकतं तसं.

मी मागे राहिले. बाईसाहेब खुणेने बोलवत होत्या, मी त्यांना पुढे जा म्हटलं. दार उघडं असलं तरी पत्रा आतल्या बाजूने लावायचा होता. तू गावात होतास. घाईत एक स्क्रू हातातून सुटला आणि गडगडत पलंगाखाली गेला. पोटावर सरपटत जाऊन काढला. जिन्यात पावलं वाजली, थांबली, परत गेली. तेव्हा मी ते वरचं फूल बसवत होते. उलटं बसलं असेल, मला कसं दिसणार, डोळ्यांत पाणी होतं. मग बाहेर आले आणि दार ओढलं. खटका खरंच छान वाजतो, दादा. नदी ओलांडेपर्यंत तोच कानात होता.

फुलाकडे जाऊ नकोस. तुला तिथे बघितलं तर शंका येईल. काकासाहेबांनी त्या दाराकडे इतकी वर्षं बाहेरूनच पाहिलंय. त्यांना तिथे शोभेचं फूलच दिसेल. पण मलाही भीती वाटते. रस्त्यावर घोडा वाजला की आम्ही सगळे श्वास धरतो. मंत्र्यांना खरं कळवायचं का, आणि कधी, यावर बाईसाहेब आणि युवराज विचार करतायत. ते परत जाणार आहेत, पण आता नाही.

आता नाही, कारण या खोलीच्या दाराला आतून कडी आहे. लोखंडी, सरकवायची. आल्या दिवशी युवराजांनी ती लावली, उघडली, पुन्हा लावली. दिवसभर तेच. आम्ही बाहेर जायला निघालो की काढून द्यायचे आणि आम्ही गेलो की लगेच लावायचे. ठकीने विचारलं, "तुम्हाला कडी फार आवडते का?" तर म्हणाले, "हो." ती त्यांना कडी लावून बघायला रोज येते. दोघं पाळीपाळीने लावतात.

आज दुपारी मी तुझं पत्र घेऊन आत आले तर दार सताड उघडं होतं.  आत बघते तर युवराज चटईवर झोपलेत, तोंड उघडं टाकून, गाढ. बाईसाहेब उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी त्यांचे केस सोडले आणि तुझ्या फणीने विंचरायला घेतले. त्यांनी मागे वळून माझा हात धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, "सावकाश. जाग येईल त्याला."

चिमी